जायकवाडी जलाशयाची परिसंस्था

जायकवाडी जलाशयाची परिसंस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण येथे गोदावरी नदीवर बांधलेल्या जायकवाडी धरणामागील जलसाठा, त्याचा काठ, तेथील वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव आणि पाणी, माती, हवा, सूर्यप्रकाश हे अजैविक घटक यांची परस्परावलंबी व्यवस्था होय. संत एकनाथांच्या नावावरून हा जलाशय 'नाथसागर' म्हणून ओळखला जातो. शालेय व उच्च माध्यमिक जीवशास्त्रात शिकवल्या जाणाऱ्या परिस्थितिविज्ञानाच्या बहुतेक मूलभूत संकल्पना, म्हणजे पोषण पातळी, अन्नजाळे, ऊर्जाप्रवाह, पोषकद्रव्यांची चक्रे, धारणक्षमता, अनुक्रमण व सुपोषण, या एकाच जलाशयाच्या आधारे स्पष्ट करता येतात. छत्रपती संभाजीनगर शहराचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येत असल्यामुळे या संकल्पनांचा संबंध परीक्षेइतकाच दैनंदिन जीवनाशीही आहे.

पार्श्वभूमी

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. मातीचे हे धरण सुमारे १० किलोमीटर लांब असून त्याला २७ दरवाजे आहेत. एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यापैकी सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर हा उपयुक्त साठा आणि उरलेला मृत साठा होय. पूर्ण भरल्यावर जलाशयाची लांबी सुमारे ५५ किलोमीटर व कमाल रुंदी सुमारे २७ किलोमीटर होते. जलाशय छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. १९८६ मध्ये या परिसरातील ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले.

धरणापूर्वी येथे वाहती नदी, काळ्या कसदार मातीची शेते आणि शंभराहून अधिक गावे होती. गावे उठली, शेते पाण्याखाली गेली आणि वाहत्या पाण्याच्या परिसंस्थेच्या जागी संथ पाण्याची परिसंस्था निर्माण झाली. त्यामुळे नाथसागर ही मानवनिर्मित जागी निसर्गाने उभारलेली परिसंस्था आहे आणि तिचे वय अवघे अर्धशतक आहे.

संज्ञा व संघटनाचे स्तर

सजीवांचा परस्परांशी व परिसराशी असलेला संबंध अभ्यासणाऱ्या शास्त्रास परिस्थितिविज्ञान किंवा परिस्थितिकी म्हणतात. या शास्त्राला जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये नाव दिले. त्या नावाच्या मुळाशी असलेल्या 'ओइकोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'घर' असा आहे. 'परिसंस्था' ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये मांडली. सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर वेगळे काढून अभ्यासता येत नाहीत, दोन्ही मिळून एक व्यवस्था होते, हे तिचे सार होय. भारतात या शास्त्राचा पाया बनारस हिंदू विद्यापीठातील प्रा. रामदेव मिश्र यांनी घातला.

परिस्थितिविज्ञानात सजीवसृष्टीचा विचार चढत्या स्तरांनी केला जातो. नाथसागरातील एक मरळ मासा हा जीव होय. जलाशयातील सर्व मरळ मासे मिळून त्या जातीची जीवसंख्या होते. मरळ, रोहू, शैवाल, बदके, जिवाणू अशा सर्व जातींच्या जीवसंख्या मिळून जैवसमाज होतो. जैवसमाजात पाणी, गाळ, हवा, प्रकाश यांची भर घातली की परिसंस्था होते. पृथ्वीवरील सर्व परिसंस्थांचा समुच्चय म्हणजे जीवावरण होय.

अजैविक घटक

छत्रपती संभाजीनगर जिल्हा निमशुष्क पट्ट्यात मोडतो. येथे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मात्र नाथसागर केवळ स्थानिक पावसावर भरत नाही. गोदावरीचा उगम सह्याद्रीत त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर आहे. मुळा नदी प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते. पश्चिम घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे पाणी या नद्यांतून जलाशयात येते. म्हणजे या परिसंस्थेची सीमा काठाशी संपत नाही. जलाशयाचे जीवनमान कित्येक कोस दूरच्या डोंगरावरील पावसावर ठरते.

पाण्याची खोली हा दुसरा महत्त्वाचा घटक आहे. एकूण साठ्यास पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले, तर जलाशयाची सरासरी खोली केवळ सात-आठ मीटर भरते. एवढ्या मोठ्या विस्ताराच्या मानाने ही खोली फार कमी आहे. उथळपणाचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे, बऱ्याच भागात प्रकाश खोलवर पोहोचतो, वाऱ्याने पाणी ढवळले जाते, तळाची पोषकद्रव्ये वर येतात आणि जीवसृष्टी समृद्ध होते. दुसरा म्हणजे, एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते तेव्हा विस्तीर्ण पृष्ठभागावरून मोठ्या प्रमाणावर बाष्पीभवन होते. जे गुणवैशिष्ट्य पक्ष्यांना उपकारक, तेच पाणीपुरवठ्याला मारक ठरते.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, पाण्याचा गढूळपणा, आम्ल-अल्कतेचे प्रमाण आणि क्षार हे अन्य अजैविक घटक होत. पाण्यात ऑक्सिजनचे प्रमाण दुपारी अधिक व पहाटे सर्वांत कमी असते. कारण दिवसा प्रकाशसंश्लेषण चालू असते, रात्री मात्र वनस्पतींसह सर्वच सजीव श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतात. तळ्यांतील मासे पहाटेच्या सुमारास पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात, त्याचे कारण हेच.

जैविक घटक

उत्पादक: सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या सजीवांना स्वयंपोषी किंवा उत्पादक म्हणतात. नाथसागरात पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक, स्पायरोगायरासारखी तंतुमय शैवाले, हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या बुडीत पाणवनस्पती आणि काठावरील पाणकणीस व गवते हे उत्पादक आहेत. मोठ्या झाडाझुडपांच्या तुलनेत वनस्पतिप्लवक डोळ्यांना दिसतही नाहीत. तरीही खुल्या पाण्यातील अन्ननिर्मितीचा मुख्य भार त्यांच्यावरच असतो.

भक्षक: वनस्पती खाणारे प्राथमिक, त्यांना खाणारे द्वितीयक आणि त्यांनाही खाणारे तृतीयक भक्षक होत. प्राणिप्लवक, गोगलगायी व वनस्पतिभक्षी बदके प्राथमिक भक्षक आहेत. लहान मासे व बेडूक द्वितीयक. मरळ, पाणकावळा, बगळा हे त्यावरील पातळीचे. मासे पकडणारा कैकर हा शिकारी पक्षी सर्वोच्च भक्षकांत मोडतो. अनेक प्राणी एकाहून अधिक पातळ्यांवर जेवतात. त्यांना मिश्राहारी म्हणतात.

विघटक: मृत वनस्पती, मेलेले मासे, पक्ष्यांची विष्ठा यांचे साध्या द्रव्यांत रूपांतर करणारे जिवाणू व बुरशी म्हणजे विघटक किंवा मृतोपजीवी. त्यांचे काम थांबले तर पोषकद्रव्ये मृत देहांतच अडकून पडतील आणि उत्पादकांना काहीच मिळणार नाही.

पक्षी हा या परिसंस्थेचा सर्वाधिक ठळक घटक आहे. अभयारण्यात पक्ष्यांच्या सुमारे २०० जातींची नोंद असून त्यांत स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने आहेत. हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही पाणपाखरे येतात. पट्टकादंब मध्य आशिया व तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतो. रोहित (अग्निपंख) उथळ पाण्यात उभे राहून, चोच उलटी बुडवून, गाळातून व पाण्यातून सूक्ष्म जीव गाळून खातो. चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, शेकाट्या, टिबुकली, वारकरी, नदी सुरय हे पक्षीही येथे दिसतात.

अन्नसाखळी व अन्नजाळे

'वनस्पतिप्लवक → प्राणिप्लवक → लहान मासा → मरळ → कैकर' ही नाथसागरातील एक अन्नसाखळी आहे. जिवंत वनस्पतीपासून सुरू होणाऱ्या अशा साखळीस चराऊ साखळी म्हणतात. 'सडका पालापाचोळा → जिवाणू → तळातील कृमी व कीटकांच्या अळ्या → मृगळ → पाणकावळा' ही मृतद्रव्यापासून सुरू होणारी साखळी होय. उथळ जलाशयांत ही दुसरी साखळी पहिलीइतकीच महत्त्वाची असते.

प्रत्यक्षात कोणतीही साखळी एकटी नसते. पाणकावळा मृगळही खातो आणि लहान मासेही. लहान मासे प्राणिप्लवकही खातात आणि कीटकांच्या अळ्याही. अशा गुंतलेल्या साखळ्यांच्या समुच्चयास अन्नजाळे म्हणतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये अन्नसाखळी व संख्येच्या मनोऱ्याच्या कल्पना सुस्पष्टपणे मांडल्या. जाळ्यातील धागे जितके अधिक, तितका एखादी जात नाहीशी झाल्याचा धक्का सामान्यतः सौम्य असतो, कारण भक्षकाला दुसरे भक्ष्य उपलब्ध असते.

ऊर्जाप्रवाह व परिस्थितिकीय मनोरे

परिसंस्थेत पदार्थ फिरत राहतात, ऊर्जा मात्र एकाच दिशेने वाहते. ती सूर्याकडून उत्पादकांकडे, तेथून भक्षकांकडे जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा मोठा भाग श्वसन, हालचाल व उत्सर्जन यांत खर्ची पडून उष्णतेच्या रूपाने निघून जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटा राज्यातील एका छोट्या तळ्याच्या अभ्यासावरून ऊर्जाप्रवाहाचे विवेचन केले. त्यांचा हा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला; तत्पूर्वी काही महिनेच, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर सरासरी सुमारे १० टक्के ऊर्जा जाते, हा नियम या कार्यातून पुढे आला.

समजा, वनस्पतिप्लवकांत १०,००० किलोज्यूल ऊर्जा साठली. त्यातील सुमारे १,००० किलोज्यूल प्राणिप्लवकांत, १०० लहान माशांत, १० मरळीत आणि केवळ १ किलोज्यूल कैकरात पोहोचेल. म्हणूनच अन्नसाखळ्या सहसा चार-पाच कड्यांपलीकडे लांबत नाहीत आणि जलाशयावर बदके हजारोंनी दिसली तरी कैकर मोजकेच दिसतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की, शैवाल व वनस्पतिजन्य द्रव्यांवर वाढणारा रोहू तेवढ्याच मूळ ऊर्जेतून मांसभक्षी मरळीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मिळू शकतो.

ऊर्जेचा मनोरा नेहमी सरळ, म्हणजे तळाशी रुंद व टोकाशी निमुळता असतो. जैववस्तुमानाचा मनोरा मात्र पाण्यात उलटाही असू शकतो. एखाद्या क्षणी मोजलेले वनस्पतिप्लवकांचे एकूण वजन त्यांच्यावर जगणाऱ्या प्राण्यांपेक्षा कमी भरते. यात विरोधाभास नाही. प्लवक अल्पायुषी असून काही दिवसांतच दुप्पट होतात; दुकानातील गल्ल्यात संध्याकाळी शिल्लक थोडी असली तरी दिवसभराची उलाढाल मोठी असू शकते, तसाच हा प्रकार आहे.

पोषकद्रव्यांची चक्रे

कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस व पाणी ही द्रव्ये सजीव आणि निर्जीव घटकांमधून फिरत राहतात. त्यांच्या या प्रवासास जैव-भू-रासायनिक चक्र म्हणतात.

नायट्रोजन हवेत विपुल असला तरी बहुतेक वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. काही निळी-हिरवी शैवाले व जिवाणू त्याचे स्थिरीकरण करतात. मृत द्रव्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे जिवाणू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वनस्पती नायट्रेट शोषून घेतात. तळाच्या ऑक्सिजनविरहित गाळात दुसरे जिवाणू नायट्रेटपासून पुन्हा नायट्रोजन वायू मुक्त करतात आणि चक्र पूर्ण होते.

फॉस्फरसच्या चक्रात वायुरूप टप्पा जवळजवळ नसतो. तो खडकांच्या झिजेतून, मातीतून, खतांतून व सांडपाण्यातून येतो. दख्खनच्या बेसाल्टी पठारावरील काळी माती पावसाळ्यात वाहून येते तेव्हा तिच्या कणांना चिकटून फॉस्फरसही जलाशयात येतो. धरणामुळे प्रवाहाचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि त्यासोबत पोषकद्रव्येही तळाशी साठतात. नदी मोकळी असती तर हा गाळ पुढे खोऱ्यातील शेतांवर व अखेरीस बंगालच्या उपसागराच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत गेला असता. येथे तोच गाळ साठवणक्षमता कमी करतो. जलाशयांतील गाळ काढून शेतात पसरवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली. परिस्थितिविज्ञानाच्या भाषेत ही तुटलेल्या चक्राचा दुवा जोडण्याची खटपट आहे.

सुपोषण

जलाशयात नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण वाजवीपेक्षा वाढण्याच्या प्रक्रियेस सुपोषण म्हणतात. 'सु' या उपसर्गामुळे ही चांगली गोष्ट असावी असा समज होण्याचा संभव आहे; प्रत्यक्षात ते पाण्याचे अजीर्ण होय.

या प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. शेतातील खते व शहरांचे सांडपाणी पाण्यात मिसळते. शैवालांची झपाट्याने वाढ होते आणि पाणी हिरवे दिसू लागते. पृष्ठभागावरील थरामुळे प्रकाश खाली पोहोचत नाही व बुडीत वनस्पती मरतात. पुढे शैवालेही मरतात. या मृत द्रव्याचे विघटन करताना जिवाणू पाण्यातील ऑक्सिजन वापरून टाकतात. परिणामी मासे व अन्य प्राणी गुदमरतात. काही निळी-हिरवी शैवाले विषारी द्रव्येही सोडतात आणि पाण्याला मातकट वास येतो. असे पाणी पिण्यायोग्य करण्याचा खर्च वाढतो.

नाथसागराला हा धोका अनेक बाजूंनी आहे. वरच्या खोऱ्यात ऊस व अन्य बागायती पिकांचे मोठे क्षेत्र आहे आणि काठावरील अनेक गावे व शहरे गोदावरीत सांडपाणी सोडतात. छत्रपती संभाजीनगर शहरातून वाहणारी खाम नदीही शहराचे सांडपाणी घेऊन दक्षिणेकडे गोदावरीकडे जाते. ज्या जलाशयातून शहर पाणी उचलते, त्याच खोऱ्यात शहराचे सांडपाणी परतते. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम लोकसहभागातून हाती घेण्यात आले आहे. नदीची स्वच्छता हा सौंदर्यीकरणाचा विषय न राहता स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा विषय कसा होतो, हे यावरून कळते.

सुपोषणाप्रमाणेच जैविक विवर्धन ही प्रदूषणाशी निगडित संकल्पना आहे. डीडीटीसारखी काही कीटकनाशके व पारा यांसारखे जड धातू शरीरातून सहज बाहेर पडत नाहीत. त्यामुळे अन्नसाखळीत वर जावे तसे त्यांचे प्रमाण वाढत जाते. ऊर्जा प्रत्येक पातळीवर घटते, विष मात्र साचत जाते. म्हणून सर्वाधिक हानी कैकरासारख्या सर्वोच्च भक्षकांना व मासे खाणाऱ्या माणसांना संभवते.

जीवसंख्या व धारणक्षमता

एखाद्या जातीची जीवसंख्या जन्म व आगमन यांनी वाढते, मृत्यू व निर्गमन यांनी घटते. अन्न व जागा अमर्याद असती तर ती अखंड वाढली असती. परंतु तसे होत नाही. बेल्जियन गणिती पियेर व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, वाढीचा वेग पुढे मंदावतो आणि संख्या एका मर्यादेपाशी स्थिरावते. परिसर जितक्या जीवांना दीर्घकाळ पोसू शकतो, त्या मर्यादेस धारणक्षमता म्हणतात.

नाथसागराची धारणक्षमता दरवर्षी बदलते. २०१३ व २०१६ या वर्षांच्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे उपयुक्त साठा संपला आणि मृत साठ्यातून पाणी घ्यावे लागले. याउलट २००६ च्या पावसाळ्यात आलेल्या पुराने पैठणसह खालच्या गावांना वेढले. पाणी आकसले की मासे थोड्या जागेत दाटतात, त्यांना पकडणे सोपे होते, ऑक्सिजन अपुरा पडतो व रोग पसरतात. अशा वेळी बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासेही उपसले गेले, तर पुढील वर्षी प्रजननासाठी मासे उरत नाहीत. पावसाळ्यातील प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवण्याच्या नियमामागील शास्त्रीय कारण हेच आहे.

रोहू, कटला व मृगळ हे कार्प मासे संथ पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयांत त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकांच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यानंतर हे मत्स्यबीज हुकमी मिळू लागले.

सजीवांमधील आंतरक्रिया

एखादी जात जेथे राहते तो तिचा अधिवास, आणि ती तेथे काय खाते, केव्हा खाते, कोणाचे भक्ष्य होते या सर्वांचा मेळ म्हणजे तिची परिसंस्थीय भूमिका. अधिवास हा पत्ता मानला, तर भूमिका हा व्यवसाय होय. कटला मुख्यतः वरच्या थरात प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न घेतो आणि मृगळ तळातील कुजलेल्या द्रव्यावर जगतो. तिघांचा पत्ता एक, व्यवसाय निराळे. म्हणून तिन्ही एकत्र वाढवता येतात. रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांनी १९३४ मध्ये प्रयोगांनी दाखवले की, तंतोतंत समान भूमिका असलेल्या दोन जाती एकाच ठिकाणी कायम टिकू शकत नाहीत.

आंतरक्रियांचे मुख्य प्रकार असे:

भक्षण: पाणकावळा व मासा.
स्पर्धा: एकाच आकाराच्या माशांसाठी बगळे व करकोचे यांच्यात.
परजीविता: माशांच्या अंगावर चिकटून रक्त शोषणाऱ्या उवा.
सहभोजिता: काठावर चरणाऱ्या म्हशींच्या पायांमुळे उडणारे कीटक टिपणारा गायबगळा, यात बगळ्याचा लाभ होतो, म्हशीचे फारसे काही बिघडत नाही.
सहजीवन: हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू, पिकाला नायट्रोजन व जिवाणूंना अन्न मिळते.

काठाचा पट्टा व गाळपेर

दोन परिसंस्थांच्या सीमेवरील पट्ट्यास संक्रमणपट्टा म्हणतात. तेथे दोन्हीकडील जाती आढळत असल्यामुळे जैवविविधता सहसा अधिक असते. नाथसागरात हा पट्टा स्थिर नाही. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटते आणि विस्तीर्ण गाळजमीन उघडी पडते. येथेच शेकाट्यासारख्या चिखलपायी पक्ष्यांना कृमी व कीटक मिळतात आणि उथळ पाण्यात रोहित उतरतात. जलाशय काठोकाठ भरलेला असतो तेव्हा हे पक्षी कमी दिसतात, यात नवल नाही. पाणी भरपूर असले तरी त्यांच्या कामाचे, म्हणजे पोटऱ्यांइतके खोल, पाणी तेव्हा थोडेच असते.

याच उघड्या जमिनीत ओलाव्यावर हरभरा, गहू अशी पिके घेतली जातात. त्यास गाळपेर म्हणतात. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांच्यासाठी गाळपेर हा उपजीविकेचा आधार आहे. मात्र येथे वापरलेली रासायनिक खते व कीटकनाशके पुढील पावसाळ्यात थेट जलाशयात मिसळतात आणि पाणी उपसणे व वर्दळ यांमुळे पक्ष्यांची चराईची जागा आकसते. प्रकल्पग्रस्त शेतकरी, स्थलांतरित पक्षी व पाणी पिणारे शहर या तिघांचे हितसंबंध या एका पट्ट्यात भिडतात. रासायनिक निविष्ठांवाचून गाळपेर आणि पक्ष्यांसाठी काही भाग मोकळा सोडणे हा अभ्यासकांकडून सुचवला जाणारा मध्यममार्ग आहे.

अनुक्रमण

एखाद्या ठिकाणच्या जैवसमाजात कालौघात होणाऱ्या क्रमबद्ध बदलास अनुक्रमण म्हणतात. नव्या जलाशयात प्रथम बुडालेली झाडे व पिके कुजून पोषकद्रव्ये मुक्त होतात आणि प्लवकांची भरभराट होते. पुढे बुडीत वनस्पती, मग तरंगत्या पानांच्या वनस्पती, त्यानंतर काठाला पाणकणीस व लव्हाळे येतात. गाळ साचत गेला की दलदल, गवताळ भूमी आणि शेवटी झाडोरा, असा क्रम संभवतो. म्हणजे प्रत्येक तळे अतिशय संथ गतीने जमीन होण्याच्या वाटेवर असते. जमिनीची धूप व सुपोषण ही वाट आखूड करतात.

परकी जाती

दुसऱ्या प्रदेशातून आलेली आणि स्थानिक जातींना हटवून फोफावणारी जात आक्रमक परकी जात म्हणून ओळखली जाते. आफ्रिकेतील टिलापिया मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, लवकर वयात येते आणि संथ पाण्यातही वर्षातून अनेकदा प्रजनन करते. त्यामुळे वाहत्या पाण्यावाचून प्रजनन न करणाऱ्या देशी कार्पांवर ती मात करते. काठावरील बेशरम, वेडी बाभूळ व संथ पाण्यातील जलपर्णी या अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पती आहेत. ज्या भक्षकांनी व रोगांनी त्यांना मायदेशी आवरले होते ते येथे नसल्याने त्या बेसुमार वाढतात. गाजरगवताच्या नियंत्रणासाठी १९८४ मध्ये भारतात मेक्सिकन भुंगेरे सोडण्यात आले, ते याच तत्त्वावर.

शेजारच्या परिसंस्थांशी तुलना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अत्यंत खारे व अल्कधर्मी आहे. तेथे माशांऐवजी सूक्ष्मजीव व शैवालांचे राज्य आहे. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे त्याचे पाणी गुलाबी झाले होते. एकच अजैविक घटक बदलला की संपूर्ण जैवसमाज कसा बदलतो, याचे ते उदाहरण आहे. छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांतील गौताळा औट्रमघाट अभयारण्य ही शुष्क पानझडी वनाची परिसंस्था आहे. तेथे उत्पादक म्हणजे दीर्घायुषी वृक्ष असल्याने जैववस्तुमानाचा मनोरा सरळ असतो. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ तेथे पोहोचला. दूरदूरच्या परिसंस्थांना जोडणाऱ्या संचारमार्गांचे महत्त्व त्यावरून लक्षात येते.

परिसंस्था सेवा व वाद

परिसंस्थेपासून माणसाला मिळणाऱ्या लाभांना परिसंस्था सेवा म्हणतात. नाथसागरातून पिण्याचे व उद्योगांचे पाणी, सिंचन, मासळी, पुराचे नियमन आणि पक्षिनिरीक्षणाचा आनंद या सेवा मिळतात. यांतील काही परस्परांना छेद देतात. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडावे, हा नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातील जुना वाद असून त्याला समन्यायी पाणीवाटपाचा प्रश्न म्हणतात. अलीकडे जलाशयाच्या पृष्ठभागावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यामुळे स्वच्छ वीज मिळेल व बाष्पीभवन घटेल, असे समर्थक सांगतात. मच्छीमारांनी त्यास विरोध केला आणि प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. पृष्ठभाग झाकला की प्रकाश अडतो, प्रकाश अडला की वनस्पतिप्लवक घटतात आणि त्याचा परिणाम मासे व पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकतो. तो किती होईल हे झाकलेल्या क्षेत्राचे प्रमाण व जागा यांवर अवलंबून आहे. अशा वादात मत बनवण्यापूर्वी अन्नजाळ्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

क्षेत्र-अभ्यास

विद्यार्थ्यांना कोणत्याही तलावावर पुढील निरीक्षणे करता येतात. पांढऱ्या-काळ्या रंगाची तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजल्यास पाण्याची पारदर्शकता कळते. पहाटे व दुपारी पाण्याचे तापमान नोंदवावे. ठरावीक जागेवरून ठरावीक वेळ पक्षी मोजून प्रत्येकाची चोच, उभे राहण्याची खोली व अन्न लिहावे. त्यावरून परिसंस्थीय भूमिका उलगडतात. दरवर्षी जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना याच पद्धतीवर आधारलेली आहे. घरट्यांजवळ जाऊ नये, पाण्यात एकट्याने उतरू नये आणि अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून नमुने गोळा करू नयेत.

हे सुद्धा पहा

जायकवाडी धरण
जायकवाडी पक्षी अभयारण्य
गोदावरी नदी
नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य
लोणार सरोवर
अन्नसाखळी
जैवविविधता